तुझ्या फॉर्मवरचा चौदावा प्रश्न

नंदू, तुझी तेरवी परवा उरकली. मानकापूरला माझ्या घरासमोर मांडव घातला होता. तुझा तो बावळट फोटो लावला होता, ज्यात तू कॅमेऱ्याकडे न बघता फोटो काढणाऱ्यालाच काहीतरी समजावून सांगतो आहेस. दुसरा मिळाला नाही. तुझ्या संस्थेतले लोक इस्त्रीचे शर्ट घालून आले आणि त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या साहेबांनी खिशातून कागद काढून वाचला: 'मानवी बुद्धीच्या जनुकीय पायाचे निष्ठावान अभ्यासक.' निष्ठावान हा शब्द मी आजवर पक्षाच्या कार्यकर्त्यांसाठी आणि कुत्र्यांसाठी ऐकला होता. मग ते जेवले. वडे चांगले झाले होते, दोनदा मागून घेतले. जाताना साहेब मला म्हणाले, "ताई, सरांचा डेटा आम्ही वाया जाऊ देणार नाही." मी म्हणाले, "जाऊ द्या." त्यांना वाटलं, मी दुःखात बोलते आहे.

कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीतले आपले जुने शेजारीही आले होते. लीलाकाकूंना आता धड चालता येत नाही, पण बातमी म्हटली की त्यांच्या गुडघ्यांत बळ येतं. "कशानं गेला वं नंदू?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "अटॅक." काकूंनी शेजारच्या बाईकडे पाहिलं, त्या बाईने माझ्याकडे पाहिलं, आणि मग दोघींनी पानातल्या वरणाकडे पाहिलं. "तुमचे बाबापण अटॅकनंच गेले होते, नाही का," काकू हळूच म्हणाल्या. तुझी केतकी खीर वाढायला तिथेच उभी होती. तिने ते पाहणं पाहिलं. पातेलं खाली ठेवून ती आत निघून गेली.

तर गोष्ट अशी आहे. तू खरोखर हृदयविकाराच्या झटक्याने मेलास. रविवारी सकाळी माझ्या व्हरांड्यात कोसळलास, दवाखान्याच्या वाटेवर गेलास. आणि तुझ्या एकुलत्या एका पोरीला ते खरं वाटत नाही. तिला वाटतं, तू स्वतः जीव दिलास आणि आत्या ते झाकून बसली आहे. तिची आई ती दहावीत असताना आजाराने गेली. तेव्हापासून तिला तू आणि मी, दोघंच. त्या दोघांपैकी एक मेला आणि दुसरी खोटारडी निघाली. पुण्याहून ती पोचेपर्यंत तुझी तिरडी बांधून झाली होती, तिने तुझा फक्त चेहरा पाहिला. पुढे तिला संशय आला तेव्हा दवाखान्याचा कागद मी तिला दाखवला. ती म्हणाली, "आजोबांच्या कागदावरपण हेच लिहिलं होतं ना?"

बाबांचं तुला सांगायला नको. पण शाळेत गणित शिकवून शिकवून मला प्रत्येक गोष्ट पहिल्या पायरीपासून मांडायची सवय लागली आहे, आणि तुला ती कधीच आवडली नाही, म्हणून मुद्दाम मांडते. बाबा वीज केंद्रात ऑपरेटर होते. मी पंधरा वर्षांची होते, तू अकरा. त्या वर्षी बाबा जेवेनासे झाले. ड्यूटीवरून आले की बूट न काढता पलंगावर बसून राहायचे. आई म्हणायची, शिफ्टचा थकवा आहे. शेजारचे म्हणायचे, बदली मागा. कोणी त्यांना डॉक्टरकडे नेलं नाही. मग एका सकाळी बाबांनी स्वतःला संपवलं. आई दोन तास भिंतीला टेकून बसली, आणि उठली तेव्हा तिचं ठरलं होतं. "अटॅक आला म्हणाचं. कोनी बी विचारलं तरी. पोरीचं लग्न व्हाचं आहे." ओळखीच्या एका डॉक्टरांनी तसं लिहून दिलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या क्वार्टरांतून एकच शब्द ऐकू येत होता. वसाहतीत सार्वजनिक गणपतीची वर्गणी कधी एकमताने ठरली नाही, पण हे ठरलं. त्या लोकांनी आपल्यावर उपकारच केले, हे मी आजही मान्य करते. अटॅक तेव्हा प्रतिष्ठित आजार होता, साहेब लोकांना होणारा. पाहायला आलेल्या पाहुण्यांनी 'वडील कशानं गेले' विचारलं की आई तो शब्द जवळजवळ अभिमानाने सांगायची. तुझ्या भावजींनी माझ्याशी लग्न केलं ते त्याच उत्तरावर, आणि ते वारले तेव्हाही त्यांना तेवढंच ठाऊक होतं.

आणि तू काय केलंस? जगात एवढे धंदे असताना तू नेमका हाच निवडलास. लोकांची थुंकी गोळा करायची, तिच्यातून जनुकं वाचायची, आणि कोण किती शिकेल, कोणाची बुद्धी किती चालेल, कोण स्वतःच्या जिवावर उठेल, याची मुळं त्यात शोधायची. मला तू हे पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी हसले होते. तुला राग आला. तू म्हणालास, "हसून काहून राहिली? हे विज्ञान आहे, ताई." मी म्हणाले, कुंडलीवालाही हेच सांगतो, फक्त त्याला थुंकी लागत नाही. आपली वीस वर्षांची भांडणं तिथून सुरू झाली. तू माझ्याशी जितकं भांडलास तितकं बायकोशीही भांडला नसशील.

रक्तात काही नसतंच, असं मी कधी म्हटलं नाही. जरीपटक्यातल्या शाळेत मी एकाच घरातल्या बाप, काका, पोरगा अशा तिघांना अपूर्णांक शिकवले आहेत. तिघंही छेदावर अडायचे, तिघंही अडले की कान खाजवायचे. पण त्या पोरासाठी त्याच्या आईने सिंधी शेजारणीकडून शिकवणी लावली आणि तो पुढे इंजिनिअर झाला, कान खाजवतच. ती शेजारीण तुझ्या कुठल्या रकान्यात बसते, एवढंच मी तुला विचारत होते. तू म्हणायचास, "पर्यावरणात." मी म्हणायचे, तिचं नाव पुष्पा होतं.

सुट्टीत तू मला नरखेड तालुक्यात घेऊन जायचास. तुझा फॉर्म माणसांना कळेल अशा मराठीत मी करून दिला होता, तेव्हा विचारायलाही तूच चल, म्हणालास. तुझ्या पोरापोरींना 'बौद्धिक क्षमता' हा शब्द न वापरता बोलताच येत नव्हतं. आणि तुझ्या त्या नळ्या. नियम काय, तर थुंकी देण्याआधी अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही. हा नियम ज्याने केला तो आपल्याकडे कधी आला नसणार. एका गावात म्हातारबुवा ओसरीवर बसले होते, तंबाखू-सुपारीचा खर्रा नुकताच घोटून झाला होता, आणि तू त्यांना अर्धा तास थांबायला सांगितलंस. ते बिचारे थांबले. हातातल्या पुडीकडे बघत तीस मिनिटं बसले. मग नळी तोंडाला लावली, आणि काही येईना. "साहेब, खर्रा नसला तं थुकाच येत नाही जी मले," ते म्हणाले. तुझी पोरं हसली. तू हसला नाहीस. पाणी पाजून, अजून अर्धा तास त्यांच्याजवळ बसून, त्यांच्या मोसंबीच्या झाडांबद्दल विचारत राहिलास. ते मला आवडलं होतं. तेव्हा सांगितलं नाही, कारण तुझी चूक चालू असताना कौतुक करायची माझी पद्धत नव्हती.

मग तू मला संगणकावर ठिपके दाखवलेस. दोन शेजारशेजारची गावं. एका गावातल्या बाया बारावीपर्यंत शिकलेल्या, दुसऱ्यातल्या सातवीवर थांबलेल्या. जनुकांतही थोडा फरक दिसत होता म्हणे. तू म्हणालास, "यात काहीतरी आहे, ताई." मी म्हणाले, "यात एसटी आहे." पहिल्या गावाच्या फाट्यावर बस थांबते, दुसऱ्याहून फाटा दूर आहे, आणि मधे नाला आहे. सातवीनंतरची शाळा नाल्यापलीकडे. कोणता बाप पोरीला पाठवेल? मी चहा पिताना त्या बायांना विचारलं होतं. तू नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होतास. तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी फोन केलास आणि म्हणालास, घरापासून फाट्यापर्यंतचं अंतर आता मोजून घेतो आहे. पुढे तुझा लेख छापून आला, त्यात शेवटी बारीक अक्षरांत माझे आभार होते. तुझ्या सगळ्या लिखाणातली तीच एक ओळ मला पूर्ण समजली.

पण तुझा चौदावा प्रश्न. 'रक्ताच्या नात्यात कोणी आत्महत्या केली आहे किंवा तसा प्रयत्न केला आहे का? होय किंवा नाही. होय असल्यास नाते लिहा.' हा प्रश्न तुम्ही ओसरीवर विचारत होता. सासू बसलेली, दीर उभा, शेजारची बाई भिंतीवरून डोकावून राहिलेली. सगळे एका सुरात 'नाही' म्हणायचे. एका घरी मी चहाचे कप घेऊन मागे गेले तर तिथली बाई माझा हात धरून म्हणाली, "बाई, माह्या मोठ्या दिराचं आजारानं झालं म्हनून सांगतलं ना, तसं नाही ते. पन लिहू नका जी. पोरीचं जमून राहिलं काटोलले." मी लिहिलं नाही. गाडीत बसल्यावर तुला सांगितलं, तुझं सगळं पीठ आळ्यांनी भरलेलं आहे. तू म्हणालास, "सॅम्पल मोठं झालं का असल्या चुका धुवून निघतात." मी म्हणाले, "गाढवा, ज्याचा काटा एकाच बाजूला झुकलेला आहे, त्या तराजूवर हजार वेळा तोललं तरी वजन खोटंच येते." कोणी चुकून 'होय'च्या जागी 'नाही' लिहीत नव्हतं, नंदू. ज्या ज्या घरात लग्नाची पोरगी होती त्या त्या घरातून हिशोबाने 'नाही' येत होतं. आणि तू ते 'नाही' घेऊन जनुकांत धोका शोधत होतास. वर तुझं मापही परदेशात, भलत्याच लोकांच्या रक्तावर बेतलेलं. दुसऱ्याच्या मापाचा सदरा आणि त्यावर खोटी बटणं.

एवढं सगळं मी तुला ऐकवलं, आणि पुढच्याच महिन्यात माझा स्वतःचा फॉर्म भरला. शहरातलेही लोक हवेत, म्हणून तूच मला बोलावलं होतंस. संस्थेतल्या त्या थंड खोलीत मी नळीत थुंकले आणि पेन घेऊन एक-एक प्रश्न भरत गेले. चौदाव्यावर 'नाही'ला बरोबरची खूण केली. पेन अडलंसुद्धा नाही. ज्या हाताने मुलांच्या वह्या तपासल्या, त्याच हाताने. मी फॉर्म तुझ्याकडे दिला. तू तो पाहिलास. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसलास, तपासणाऱ्याच्या जागी सही केलीस, आणि विचारलंस, "चहा घेशील वं?" मी हो म्हणाले. यावर आपण पुढे कधीही बोललो नाही, त्या रविवारपर्यंत.

तुझ्या पोरीला हेच सापडलं. तू गेल्यावर पाचव्या दिवशी संस्थेने तुझे कागद मागितले, म्हणून ती तुझं कपाट उघडायला गेली. एका फाइलमध्ये दोन फॉर्म होते, तुझा आणि माझा. माझ्यावर 'नाही'. तुझ्यावर 'होय', आणि पुढे तुझ्या त्या कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात 'वडील'. एकाच आईबापाची दोन लेकरं, एकाचा बाप तसा मेला आणि दुसरीचा नाही. त्याच फाइलमध्ये एक चिठ्ठी होती. तिघांचे आकडे. तुझा, माझा, केतकीचा. वर लिहिलं होतं, स्वतःच्या जिवावर उठण्याचा जनुकीय धोका, आणि केतकी काही अडाणी नाही.

याबद्दल मी तुला सोडणार नाही. हजार लोकांना तू सांगत फिरलास की हा आकडा कळपासाठी आहे, एकट्यादुकट्या माणसाला त्यातून काही कळत नाही. माझ्या शाळेत भाषणाला आलास तेव्हाही तेच. पालकांनी आपल्या पोरांचा आकडा मागितला तर तू त्यांना हाकलून लावायचास. आणि घरी येऊन चोरासारखा स्वतःच्या पोरीचा आकडा काढलास. बरं, काढलास तर जाळून टाकायचा. तू तो चिमटा लावून ठेवलास. इतका शिकलास आणि अक्कल पोस्टातल्या कारकुनाची राहिली.

केतकी ती चिठ्ठी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "आत्या, आजोबा तसे गेले. बाबांले माहीत होतं. बाबा हेच शोधत होते सगळा जन्म, आणि मंग बाबापण तसेच गेले. आता हा माहा नंबर आहे." पुण्यात राहून तिची भाषा पार बदलली होती, पण त्या दिवशी ती आपल्यासारखी बोलत होती. मी तिला म्हटलं, आधी नीट वाच. त्या चिठ्ठीवर सगळ्यात वरचा आकडा कोणाचा आहे? माझा. तुझ्यापेक्षा वर, तुझ्या बापापेक्षा वर. तुझ्या बापाच्या विद्येप्रमाणे मी केव्हाच संपायला पाहिजे होती, आणि मी इथं तुझ्यासाठी पोळ्या लाटून राहिली. त्या कागदावर हे नाही की आजोबांनी जेवण सोडलं तेव्हा त्यांले कोणी दवाखान्यात नेलं नाही. तुले जड वाटलं तर तू मले सांगशील, मी तुले नेईन, आणि नाही सांगितलं तर मी रोज विचारीन. ती थोडी ऐकत होती. आकड्याचं तिला पटलंही असावं, शास्त्रज्ञाची पोर आहे. पण तुझ्याबद्दल मी बोलायला लागले की तिचं तोंड बंद व्हायचं. "तू अटॅकच म्हणशील," ती म्हणाली. "तू तर माह्या लहानपणापासून अटॅकच म्हणते."

तेरवीपर्यंत ती रडली नाही, नंदू. पाहुण्यांना पाणी दिलं, पत्रावळी मोजल्या, आणि तुझ्या त्या फोटोकडे असं बघायची, जसं उधारी बुडवून पळालेल्याकडे दुकानदार बघतो. होणाऱ्या नवऱ्याला फोन करून तिने सांगितलं, आत्ता लग्नाचं राहू दे. मला ते भिंतीआडून ऐकू आलं. तेव्हा मला कळलं की तिला खरं पटवायचं असेल तर त्या रविवारचं सगळं सांगावं लागेल. दवाखान्यात, संस्थेच्या लोकांना, लीलाकाकूंना, सगळ्यांना मी एवढंच सांगितलं होतं की तू बसल्या बसल्या कोसळलास. बसण्याआधी आपण काय बोलत होतो, ते कोणालाच सांगितलं नव्हतं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला व्हरांड्यात बसवलं आणि सांगितलं.

मी म्हणाले, त्या दिवशी तुझा बाप त्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या घेऊन आला. गरम होत्या. मी एक खाल्ली, त्याने हातही लावला नाही. म्हणाला, "ताई, केतकीले बाबांचं सांगावं लागते आता. लग्नाच्या आधी. तू बाजूले बस, मी सांगतो." मी म्हणाले, लग्न होऊ दे, मग सांग. मुलाकडचे पुढच्या महिन्यात बोलणीले येऊन राहिले, आत्ताच काहून? तो म्हणाला, "हेच त्या नरखेडच्या बाईनं म्हटलं होतं. तिच्यावरून तू मले गाढव म्हटलं होतं." मी चिडले. मी म्हणाले, तुले सांगायचं असतं तं माह्या फॉर्मवर तू सही काहून केली? तो म्हणाला, "तू 'नाही' लिहिलं, मी काही बोललो नाही, ते चूक झालं माह्याकडून. पन मी खरं लिहिलं." मग माझा तोल गेला, केतकी. मी त्याला म्हणाले, "तू बाबांसारखाच आहे. पळपुटा. आपलं ओझं पोरीच्या डोक्यावर टाकून मोकळा होऊन राहिला. बाबांनी एकदा केलं, तू रोज करतो, फॉर्म भरून भरून."

हे मी तुला म्हणाले, नंदू. हे माझं तुझ्याशी शेवटून दुसरं बोलणं. पुढचं मी केतकीला सांगताना थांबले होते, पण ती माझ्याकडे बघत होती, आणि ते न सांगता बाकीचं सांगण्यात अर्थ नव्हता.

मी तिला सांगितलं, तो खुर्चीत बसला. चेहऱ्यावर घाम आला होता, डिसेंबरात. डावा हात दुसऱ्या हाताने धरला होता. म्हणाला, "ताई, पाणी दे." मला वाटलं, हे नाटक आहे. लहानपणी भांडण हरायला आला की त्याचं पोट दुखायचं. मी म्हणाले, "तुले हात नाहीत? घे उठून." आणि आत गेले. स्वयंपाकघरात मी उगाच ओटा पुसला. पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला. बाहेर खुर्ची पडल्याचा आवाज आला तेव्हा धावले. शेजाऱ्यांच्या गाडीतून नेलं, सिग्नल तोडत नेलं, पण तो गाडीतच गेला होता. तुझा बाप जगायला पाणी मागत होता, केतकी. जीव देणारा माणूस पाणी मागत नाही. तो तुझ्याशी बोलायले पुण्याला येणार होता, तिकीट काढलं होतं त्याने. मी त्याला पाणी दिलं नाही.

सांगून झाल्यावर मी तिच्याकडे पाहिलं नाही. कुंपणापलीकडून कोळशाचे ट्रक कोराडीकडे जात होते, त्यांच्याकडे बघत बसले. मला आपल्या क्वार्टरचा कठडा आठवला. त्यावर रोज राखेचा थर बसायचा आणि तू बोटाने गणितं लिहायचास. बाबा गेल्यानंतर तू आठवडाभर कोणाशी बोलला नाहीस. मग एक दिवस त्या कठड्यावर भागाकार मांडून, चूक करून, माझ्याकडे बघत उभा राहिलास. मी तो पुसून नीट मांडून दिला. चूक तू मुद्दाम केली होतीस, हे मला खूप वर्षांनी कळलं. मी शिक्षिका झाले ती त्या कठड्यापाशी. आयुष्यभर तुझ्या चुका काढल्या, कारण त्या दाखवायला तू माझ्याकडेच यायचास. आभार मानायची आपल्या घरात रीत नव्हती. आता मानते, आणि ऐकणारा नाही.

केतकी म्हणाली, "आत्या, हे तू अजून कोणाले सांगितलं?"

मी म्हणाले, "कोणालेच नाही."

ती म्हणाली, "एवढं खराब स्वतःबद्दल कोणी बनवून नाही सांगत."

ती उठली. मला वाटलं, आता ती बॅग भरेल, आणि मी तिला अडवलं नसतं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या खांद्यावर हातही ठेवला नाही. ती मला माफ करेल की नाही, मला ठाऊक नाही; तुझीच पोर आहे, तिला वेळ लागेल. तिने आत जाऊन दार लावून घेतलं. थोड्या वेळाने तिच्या रडण्याचा आवाज आला, आधी दाबलेला, मग मोकळा. मी दारापाशी जाऊन उभी राहिले. आतून 'बाबा' एवढा एकच शब्द ऐकू येत होता.